सत्तरी ते काणकोण जंगलवाटेवर जिओकॅशिंग: डबे किती, कुठे आणि कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या डिचोलीचा तुमचा भटका गट चोर्ला घाटाच्या बाजूने निघून म्हादई, मोले, नेत्रावळी करत खोतीगावपर्यंत पाच-सहा दिवसांची पायवाट आखतो आहे. वाटेवर पंचवीस-तीस जिओकॅशचे डबे, म्हणजे जीपीएसच्या आकड्यांवरून इतरांनी शोधायचे डबे, लपवायचे आहेत. दोन डब्यांत अंतर किती ठेवावे, डबा कसला घ्यावा, परवानगी लागते का, आणि दाट झाडीत जीपीएस भरकटते त्याचे काय करायचे?

आधी उत्तर देतो, कारणे मागाहून. तीस डबे नकोत, सात-आठ पुरे. तेही सगळे जंगलाच्या कडेला, गावाच्या नजरेत. अभयारण्याच्या आत एकही डबा नको. आतल्या टप्प्यांवर डब्याऐवजी प्रश्न ठेवायचे. डबा लपवायला दहा मिनिटे लागतात, पण तो पाच वर्षे सांभाळावा लागतो. लांब पल्ल्याच्या वाटेवर हा खेळ बहुतेक वेळा या दुसऱ्या कामात फसतो.

गटातल्या नव्या मंडळींसाठी दोन ओळी. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. शंभर मीटरपर्यंत भरकटणारा आकडा एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आला. ३ मे रोजी ऑरेगन राज्यात एकाने बादलीत काही वस्तू ठेवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले, आणि खेळ सुरू झाला. आजही तो तेवढाच आहे: आकडे घ्या, जागेवर जा, डबा शोधा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहा, डबा होता तसा ठेवा.

आता परवानगी. तुमची वाट सलग चार संरक्षित क्षेत्रांतून जाते: म्हादई (सुमारे २०८ चौ. किमी), भगवान महावीर अभयारण्य व त्याला लागून असलेले मोले राष्ट्रीय उद्यान (दोन्ही मिळून सुमारे २४०), नेत्रावळी (सुमारे २११) आणि खोतीगाव (सुमारे ८६). वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मधल्या कलम २७ नुसार अभयारण्यात विनापरवाना जाता येत नाही, आणि त्याच कलमात अभयारण्याच्या जमिनीवर कचरा टाकण्यासही मनाई आहे. तुमच्या लेखी तो सुबक, हिरवा रंग दिलेला डबा असेल, पण वनरक्षकाच्या लेखी ते प्लास्टिक आहे. वाद घालायला जागा नाही, आणि खरे सांगायचे तर त्याचे चूकही नाही. कलम २८ नुसार पर्यटनासाठी प्रवेशपरवाना मिळू शकतो. पण तो चालण्याचा परवाना असतो, वस्तू ठेवून येण्याचा नव्हे. प्रत्येक अभयारण्याचे रेंज कार्यालय वेगळे आहे. म्हणून अर्ज मुख्य वन्यजीव रक्षकांच्या नावे करा, नकाशा जोडा, मुक्कामाच्या जागा लिहा, आणि ‘आत कोणतीही वस्तू ठेवणार नाही’ हे वाक्य स्वतःहून घाला. त्या एका वाक्याने अर्धे शंकासमाधान होते.

अमेरिकेतही असेच आहे. तिथल्या राष्ट्रीय उद्यान खात्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय डबा ठेवता येत नाही. त्यामुळे जिथे डबा नको तिथे निरीक्षणाचे प्रश्न ठेवायची पद्धत तिकडे रुळली.

कागदावरच्या परवानगीइतकीच दुसरी एक परवानगी महत्त्वाची आहे, आणि बाहेरून येणारे हौशी लोक नेमकी तीच विसरतात. म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्ये १९९९ मध्ये जाहीर झाली. त्यांच्या आत आणि कडेला माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यांची कुळागरे (सुपारी-नारळाच्या बागा) आहेत, काजूचे डोंगर आहेत. जमिनीच्या हक्काचा विषय तिथे अजून हुळहुळता आहे. अशा वाड्यावर तुम्ही हातात यंत्र धरून, झाडापाशी थांबून आकडे टिपू लागलात तर लोकांना काय वाटेल? कोणी हद्द मोजायला आलाय, नाहीतर खाणीचा सर्वे करायला. मी तरी आधी पंचाकडे किंवा वाड्यावरच्या जाणत्या माणसाकडे जातो, डबा उघडून दाखवतो, वही दाखवतो. लहान मुलांनी एकदा शोधून पाहिला की निम्मा प्रश्न सुटतो. वयस्कर माणूस म्हणाला, ‘राखणदाराला (गावाच्या रक्षक देवाला) गाऱ्हाणे घाला आणि मग ठेवा’, तर घालावे. नारळ तो काय महाग पडतो!

देवराईत मात्र विचारायलाही जाऊ नका. सत्तरीत आणि काणकोणात अशा राई अनेक आहेत. तिथले पानसुद्धा उचलत नाहीत, आणि तुमचा शोधक तिथे पालापाचोळा उकरत बसणार? राईपासून चांगले अंतर राखून वाट काढा.

अंतराचे उत्तर पुस्तकी आहे. जिओकॅशिंगच्या मुख्य संकेतस्थळाच्या नियमांनुसार दोन प्रत्यक्ष डब्यांत किमान १६१ मीटर, म्हणजे एक दशांश मैल अंतर लागते. हा किमान आकडा आहे, पण बरेच जण तो लक्ष्य समजतात आणि दर १६१ मीटरवर एक डबी ठोकत जातात. रस्त्याकडेला गाडीने फिरणाऱ्यांना त्यात मौज वाटत असेल. पाठीवर दहा-बारा किलो घेऊन चालणारा माणूस तिसऱ्या डब्यानंतर थांबणेच सोडतो. त्याच्यासाठी दिवसाला एक किंवा दोन जागा पुरतात, आणि त्या त्याच्या थांबण्याच्या जागांशी जुळायला हव्यात: व्हाळ (ओढा) ओलांडण्याआधीची सावली, बसथांबा, गावात शिरतानाचा वड. वाटेपासून वीस-तीस पावलांपेक्षा आत नको.

आता आतल्या प्रश्नांचे. इथे खरी गंमत आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

खेळात बहुटप्पी प्रकार असतो. पहिल्या टप्प्यावर काही मोजायचे किंवा पाहायचे, त्यातून आकडे मिळतात, ते भरले की पुढच्या टप्प्याचे अक्षांश-रेखांश तयार होतात. प्रत्यक्ष डबा फक्त शेवटी असतो. मधल्या आभासी टप्प्यांना १६१ मीटरचा नियमही लागत नाही. तुमच्या वाटेवर तांबडी सुर्ल्याचे महादेव मंदिर येते. कदंबकालीन, काळ्या बसाल्टचे, आणि मंडपात शिर नसलेला नंदी. मंडपातल्या एका खांबाच्या तळाशी घोड्याला तुडवणारा हत्ती कोरला आहे. शोधकाला सांगा, तो खांब शोधा. नंदीकडे तोंड करून उभे राहा आणि तो खांब तुमच्या डाव्या हाताला आहे की उजव्या, पुढचा की मागचा, ते पाहा. चार शक्यतांना चार आकडे द्या. मग मंडपाचे खांब मोजायला लावा. असे दोन-तीन आकडे ‘उत्तर अक्षांश १५° २६.कखग’ मध्ये क, ख, ग यांच्या जागी भरले की शेवटची जागा मिळते. शोधक मंदिरात पंधरा मिनिटे नीट पाहत उभा राहतो आणि दगडाला बोटही लावत नाही.

हे करताना एक पथ्य पाळा: माहितीफलकावरचे आकडे कधी वापरू नका. फलक बदलतात, रंगवतात, पावसात पडतात, आणि तुमचे कोडे एका दिवसात मरते. दगडात कोरलेले ते आठशे वर्षे तिथेच आहे. शेवटचा डबाही मंदिराच्या आसपास नको. ते केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे. डबा अभयारण्याची हद्द संपल्यावर, परतीच्या रस्त्यावरच्या एखाद्या कुळागराच्या कुंपणाला, मालकाला विचारून ठेवा. खानावळीच्या गल्ल्यावर मात्र ठेवू नका. शोधकाला दुकानात शिरावे लागेल, मालकाशी बोलावे लागेल किंवा काही विकत घ्यावे लागेल असा डबा व्यापारी ठरतो आणि नियमात बसत नाही.

दुसरा प्रकार अर्थकॅशचा (इंग्रजी ‘अर्थ’, म्हणजे पृथ्वी). यात डबा नसतोच. जागेवरचा भूगर्भाचा एखादा धडा असतो आणि निरीक्षणाची उत्तरे निर्मात्याला पाठवायची असतात. जागा सांभाळणाऱ्याची परवानगी इथेही विचारतात, पण ‘काहीही ठेवायचे नाही’ म्हटल्यावर ती मिळणे सोपे जाते. आपल्याकडे त्याला साहित्य भरपूर. बहुतेक गोव्यात पायाखाली जांभा असतो. पावसाने सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले, म्हणून तो तांबडा आणि छिद्राछिद्रांचा. दख्खनचा बसाल्ट गोव्याच्या ईशान्य कोपऱ्यात तेवढा सापडतो. तांबडी सुर्ल्याचा घट्ट काळा दगड आणि वाटेवरचा जांभा शेजारी शेजारी पाहायला सांगितले, की धडा आपोआप तयार. दक्षिणेकडे थोडी वाट वाकडी करायची तयारी असेल तर कुशावतीच्या काठी उसगाळीमळची कातळशिल्पे आहेत. १९९३ मध्ये ती अभ्यासकांपुढे आली. जांभ्याच्या सड्यावर कोरलेल्या त्या चक्रव्यूहाची वलये मोजायला लावा, पण कोरीवकामावर पाय न ठेवता, कडेला उभे राहून. तसे संकेतस्थळावरच्या तुमच्या कॅशच्या पानावर ठळक लिहा.

जीपीएसकडे वळू. झाडीत आकडा भरकटतो तो दोन कारणांनी. एक, ओल्या पानांचे छत उपग्रहाचा क्षीण संदेश आणखी क्षीण करते. दोन, तो संदेश खोडांवरून, कातळावरून परावर्तित होऊन उशिरा पोचतो आणि यंत्राला वाटते उपग्रह तितका दूर आहे. सत्तरीच्या खोऱ्यांत तिसरी अडचण: पूर्वेला सह्याद्रीची भिंत, त्यामुळे त्या बाजूचे खालचे उपग्रह दिसतच नाहीत. उघड्या सड्यावर चांगला फोन तीन ते पाच मीटरची खात्री देतो. दाट रानात दहा-पंधरा मीटर धरून चाला.

ठेवणाऱ्याने आकडा असा घ्यावा. जागेवर पोचल्यावर लगेच बटण दाबू नका. फोन छातीपासून दूर, आडवा धरा आणि पाच मिनिटे आकडा स्थिरावू द्या. टिपून ठेवा. मग तीस-चाळीस पावले दूर जा, दुसऱ्या दिशेने परत या, पुन्हा टिपा. तिसऱ्यांदा वेगळ्या दिवशी, वेगळ्या वेळी, कारण तोवर उपग्रहांची मांडणी बदललेली असते. जो आकडा फार फटकून असेल तो सोडा, उरलेल्यांची सरासरी घ्या. खेळात अंश आणि दशांश मिनिटे वापरतात. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे १.८५ मीटर, आणि आपल्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम त्याहून किंचित कमी. म्हणजे शेवटच्या घरात दोन-तीनचा फरक दिसला तर घाबरू नका. घाबरायचे ते पद्धतीच्या गोंधळाला. १५° २६.०००′ हा आकडा कोणी नकाशाच्या ॲपमध्ये १५.२६ असा भरला तर ॲप ते १५° १५.६′ समजते आणि माणूस सुमारे १९ किलोमीटर दक्षिणेला जाऊन डबा शोधत बसतो. म्हणून पानावर एकच पद्धत ठेवा, आणि गटातल्या प्रत्येकाला ती स्वतः एकदा फोनमध्ये भरायला लावा.

आता यातून निघणारी गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आकडा पंधरा मीटरने हलतो याचा अर्थ शोधक तीस मीटर व्यासाच्या वर्तुळात पाय तुडवत फिरणार. वीस शोधक आले की तिथली रोपे गेली, पाला विस्कटला, आणि पावसाळ्यात माती वाहायला नवी वाट तयार झाली. त्यामुळे रानाकडेचा डबा शोधायला सोपा असावा. खेळात दोन आकडे देतात, एक शोधाच्या अवघडपणाचा आणि एक वाटेचा, दोन्ही १ ते ५. वाट चारची असली तरी चालेल, शोध दीडच्या वर नेऊ नका. सूचनाही नेमकी द्या: ‘वाटेच्या डावीकडे दोन बुंध्यांचा फणस, गावाकडच्या बाजूला, कमरेच्या उंचीवर.’ चातुर्य दाखवायची हौस पणजीच्या बागेत भागवा.

कमरेची उंची मी उगीच म्हणत नाही. आपल्याकडे जांभ्याच्या गडग्यातली फट पाहिली की डबा लपवायचा मोह होतो. त्याच फटीत फुरसे, घोणस, विंचू असतात. जिथे न पाहता हात घालावा लागेल अशी जागा बाद. जमिनीवर, पाचोळ्याखाली, मुळांच्या पोकळीत नको. जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय खड्डा खणून पुरणे तर नियमातच बसत नाही. झाडाला खिळाही नको, दोरीने बांधा.

पाचोळ्याचे आणखी एक कारण आहे. माकडताप, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. शेजारच्या कर्नाटकात तो १९५७ मध्ये ओळखला गेला आणि २०१५ पासून सत्तरीतही रुग्ण आढळले. तो गोचिडीतून पसरतो. त्यातही डिसेंबर ते मे हा जोराचा काळ, म्हणजे नेमका आपला चालण्याचा हंगाम. पाचोळ्यात गुडघे टेकून डबा शोधणे ही गोचीड अंगावर घ्यायची उत्तम रीत आहे. पायमोजे विजारीवर चढवा, गोचीडप्रतिबंधक तेल लावा, संध्याकाळी अंग तपासा. वाटेत मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवा, आणि त्या भागातला डबा संकेतस्थळावर लगेच बंद करा.

डब्याबद्दल फार लिहायला नको. चारही बाजूंनी खटके आणि झाकणाला सिलिकॉनची पट्टी असलेला जाड प्लास्टिकचा डबा घ्या. पत्र्याचा आपल्या पावसाळ्यात गंजतो. आत झिपच्या पिशवीत वही, सिलिका जेलची पुडी, आणि पेनऐवजी पेन्सिल, कारण दमट कागदावर पेन उठत नाही. खाऊ, साबण, अत्तर, उदबत्ती, वास येणारे काहीही नाही. केलडी (माकडे), मुंग्या, अस्वल यांना झाकण ही अडचण वाटत नाही. लष्करी दारूगोळ्याच्या पेट्या परदेशात फार लोकप्रिय आहेत. आपल्याकडे तसली पेटी झुडपात दिसली तर पोलीस, बॉम्बशोधक पथक आणि उद्याच्या पेपरात बातमी. डबा शक्यतो पारदर्शक असावा आणि वर मराठी, कोंकणी, इंग्रजीत लिहावे: हा शोधखेळाचा डबा आहे, आत फक्त वही आहे, गावाची परवानगी आहे, आणि गटाचा फोन.

देखभालीचे वेळापत्रक डबा ठेवायच्या आधी हवे. जूनच्या पहिल्या पावसाआधी सगळे डबे काढून आणा आणि दिवाळीनंतर परत ठेवा. पावसाळ्यात रानवाटा व धबधब्यांवर बंदी लागू होते, व्हाळ तासाभरात चढतात, आणि तुमचा डबा शोधायला कोणी तिथे जाऊ नये हीच आपली इच्छा असली पाहिजे. डबा प्रसिद्ध करण्यापूर्वी संकेतस्थळाचा स्वयंसेवक तपासनीस तो पाहतो. हा हंगामी प्रकार आहे हे त्याला आधीच सांगा, नाहीतर इतके महिने बंद ठेवल्यावर तो डबा कायमचा काढून टाकेल. सत्तरीचे डबे डिचोलीकरांनी सांभाळावेत, पण खोतीगावचे काणकोणातल्या कोणीतरी. तिथे माणूस मिळाला नाही तर तिथला डबा रद्द. सुट्टीवर येऊन डबा ठेवून निघून जाणाऱ्यांना संकेतस्थळ परवानगी देत नाही, आणि डिचोलीचा माणूस खोतीगावला पर्यटकच.

दोन गोष्टी वाटेबद्दल. कुळ्याहून रेल्वेरुळावरून दूधसागर गाठायचा मोह गटात कोणाला तरी होणारच. ती वाट आखणीतून काढा. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तुमच्या कोड्याच्या पानावर रुळाजवळचा एखादा टप्पा असला तर त्यात तुम्हीही गुंतता.

दुसरी, उपग्रह-संदेशयंत्र. परदेशातल्या लांब वाटांवर चालणारे लोक संकटात संदेश पाठवायला ते कमरेला लावतात, आणि तुमच्या गटात कोणी अनिवासी नातेवाईक असला तर तोही आणेल. भारतात अशी यंत्रे आणि उपग्रह-फोन दूरसंचार खात्याच्या परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये दाबोळी विमानतळावर एका परदेशी धावपटूला अशा यंत्रावरून अडवून पोलिसांच्या ताब्यात दिले होते. आपल्याला लागतो तो नुसता संदेश घेणारा जीपीएस, आणि तो फोनमध्ये आहेच. नकाशे आणि डब्यांची पाने घरीच उतरवून घ्या. फोन एअरप्लेन मोडवर असतानाही जीपीएस चालते, मात्र नेटवर्कची मदत नसल्याने पहिला ठाव लागायला वेळ लागतो. म्हणून वाळपईत किंवा मोलेला रेंज असतानाच एकदा ठाव घ्या आणि मग मोड लावा. बॅटरीही जास्त पुरते.

सुरुवात सहाही दिवसांची करू नका. या हंगामात फक्त तांबडी सुर्ल्याचा टप्पा करा: मंदिरातले कोडे, जांभा-बसाल्टचा अर्थकॅश आणि कुळागराच्या कुंपणाचा एक डबा. मे अखेरपर्यंत वहीत कोणी काय लिहिले, आजूबाजूची झुडपे किती तुडवली गेली आणि कुळागराच्या मालकाला किती वेळा बाहेर यावे लागले, ते पाहा. पुढच्या दिवाळीला नेत्रावळीचा अर्ज करताना हीच माहिती जोडायची.